अकरा शिल्लक

आमचं घर पाण्यात खांबांवर उभं आहे.
भरतीला ते होडी होतं,
ओहोटीला बगळा.
येणारा प्रत्येक जण हेच टिपायला येतो,
समोरच्या धक्क्यावर गुडघे टेकून,
श्वास रोखून,
जणू घर आता उडूनच जाणार आहे.

मी एदुविना बारिया. गाव कास्त्रो, बेट चिलोए.
दोन खोल्या पाहुण्यांना देते, न्याहारीसकट.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एक जण राहून गेला.
नाव वहीत आहे, पण छत गळलं तेव्हा शाई पसरली:
योरिस, किंवा योनस.
त्याचा कॅमेरा खुंटीवर राहिला, माझ्या शालीखाली.
पत्र नाही, निरोप नाही.
परक्याची वस्तू, म्हणून शनिवारी नुसती पुसायची
आणि परत टांगायची.

दुसऱ्या हिवाळ्यात रेमिहियो गेला.
समुद्रानं नाही नेला. खोकल्यानं.
इतकी वर्षं मी उगाच समुद्राशी वैर धरून होते.

मग विणलं. खूप विणलं.
झाडावरचं दगडफूल उकळून लोकर रंगवायची,
कधी गंजासारखा रंग यायचा, कधी चहासारखा,
तोच पुन्हा हवा म्हटलं तर कधी यायचा नाही.
गावात मोजे न दिलेला पाय उरला नाही.

एकदा शाल ओढताना कॅमेरा हातात आला.
वरच्या इवल्या खिडकीत आकडा: पंचवीस.
शेजारचा लाऊतारो म्हणाला,
'मावशी, अजून अकरा शिल्लक आहेत.'

अकरा!
पेरणीचे बटाटे मोजावेत तसे
मी ते मोजून वापरले.
पहिल्यात माझंच बोट आलं.
मग किटलीची वाफ, खिडकीशी, सकाळची.
मग मांजर. मांजर हललं. पुन्हा मांजर.
तव्यावरचा मिल्काओ, एका बाजूनं करपलेला,
कारण मी फोटो काढत होते.
आणि एका दुपारी, पडद्याआडून,
धक्क्यावरची माणसं:
रंगीत रेनकोट, बदकांसारखी रांग,
एकालाही चेहरा नाही,
चेहऱ्याच्या जागी काच.
ती माझं घर घेऊन गेली.
मीही त्यांना ठेवून घेतलं.

शेवटचा आठ दिवस जपला,
काहीतरी मोठं घडेल म्हणून.
घडलं नाही.
शेवटी ऊन पडलं अर्धा तास,
दोरीवर मोजे होते, चौदा,
त्यांच्यावर खर्च केला.

चौकातल्या दुकानातून लाऊतारोनं पाकीट आणलं.
आधी त्याचे पाहिले, योरिसचे, किंवा योनसचे.
चर्च. चर्च. धुकं.
परत तेच चर्च, जरा तिरकं.
होड्या. हात पुसून मी पुढचा उचलला.

मागे बारीक आकडा होता, एकोणीस.
ओहोटी आहे. आमचं घर आहे,
भिंतीवर लाकडाचे खवले, एक निखळलेला,
आणि खाली चिखलात, कोपऱ्यात,
नखाएवढा
रेमिहियो.
पाठमोरा. शेजारी शिंपल्यांची टोपली.
एका पायावर उभा राहून
बुटातलं पाणी ओततोय.

फोटो त्याचा नाहीच.
तो आपला मध्ये आलाय,
जसा आयुष्यभर यायचा,
मी झाडत असताना, नेमका.

लाऊतारो म्हणाला, मोठा करून आणू?
नको म्हटलं.
मोठा केला तर तो बुटासकट ओळखू येईल,
मग रोज बोलावं लागेल.
असाच बरा, शोधावा लागणारा.
सकाळी किटली ठेवते, चष्मा लावते,
आणि वाफ येईपर्यंत
चिखलात त्याला हुडकते.

योरिस, किंवा योनस,
कॅमेरा खुंटीवर आहे, पुसलेला.
तुझे चोवीस डब्यात आहेत, लोकरीत गुंडाळून.
ये कधीही. न्याहारी आठला असते.
एकोणिसावा मात्र मागू नकोस.
हवा तर
मोज्यांचा घेऊन जा.